शेवंता मिस्त्रीनं निवडलेली मशीन

शेवंता,

तुझ्या घरी अजूनही माणसं बसायला येतात. लक्ष्मणभाऊ बाहेर खाटेवर असतात, बायका आत. येणारी प्रत्येक जण डोळ्याला पदर लावते आणि म्हणते, "बिचारी, लय कष्ट केले तिनं." मी बरेचदा ऐकून घेतलं. परवा तुझी मामी तेच म्हणाली, तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "मामी, कष्ट त आपन साऱ्याच करून राह्यलो. शेवंता मिस्त्री होती. अन् बिचारी त ती कुठूनच नव्हती." लक्ष्मणभाऊंनी दारातून आत पाहिलं. मला वाटलं, आता तुझा नवरा म्हणून मला काहीतरी बोलतील. ते एवढंच म्हणाले, "खरं आहे," आणि परत बाहेर बघत बसले.

म्हणून लिहायला घेतलं. ताप साधा वाटला आणि साधा नव्हता. त्या आठवड्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. तू कुठं जन्मलीस, किती शिकलीस, हे ज्याला पाहिजे त्यानं तुझ्या घरी विचारावं. मला तुझ्याशी तुझ्या कामाबद्दल बोलायचं आहे, कारण ते माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

आपण दोघी रेजा होतो. बल्लारपुरात नवे बंगले उठत होते, तिथं डोक्यावर घमेलं घेऊन आपण मसाला वाहायचो. तू तलावाकाठच्या ढिवराची लेक, मी कोरपन्याकडची गोंडाची. पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, "कौसे, तुले या मिस्त्रीचं काम येते का?" मी म्हटलं, "मले कायले येईन?" तू म्हणालीस, "मले येऊन राह्यलं. पाहून पाहून." तेव्हा तुझ्या हातात फरशीचा तुकडासुद्धा आलेला नव्हता. तरी तू सांगितलंस असं, जसं कोणी सांगतं की मला पोहता येतं.

रामदास मिस्त्रींनी हे ऐकलं होतं. ते फरशी बसवायचे आणि कोरड्या कटरनं कापायचे. तोंडाला दुपट्टा बांधलेला, आणि सगळा माणूस पिठात लोळल्यासारखा पांढरा. खोकल्याची उबळ आली की कटर खाली ठेवून भिंतीला टेकायचे. अशाच एका दुपारी तू त्यांच्यापुढून कटर उचललास. "सांगा मिस्त्री, कुठी कापाचं." त्यांनी पेन्सिलीची रेघ दाखवली. तुझी कड काही सरळ आली नाही, माशाच्या पाठीसारखी आली. मिस्त्री हसले, आणि हसता हसता परत खोकले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घमेल्याऐवजी तुझ्या हातात काटकोन बघायचा गुण्या आणि लेव्हल दिली. तू मला ओढून सोबत बसवलंस. मला नको होतं. "दोघी असलो त कोनी हसनार नाई," म्हणालीस. हसले सगळेच, साइटवरचे आणि मोहल्ल्यातलेही. तू त्यांच्याकडे पाहायचीच नाहीस.

पुढं रामदास मिस्त्रींची छाती पार बसली. ते घरी खाटेवर पडून असायचे, बोलताना दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायचे. आपण भेटायला गेलो की कामाचं विचारायचे. एकदा तुझा हात धरून म्हणाले, "पानी टाकूनच कापजा बाई. पानी नसंन, त कापूच नका." तू मान हलवलीस. त्या दिवसानंतर एखाद्या साइटवर पाणी नसलं तर तू काम सुरू करायची नाहीस, ठेकेदार कितीही ओरडला तरी.

त्यांच्याच खाटेपाशी धनराजभाऊ आले होते, आठवतं? तेच ठेकेदार, ज्यांच्याकडे आपण फुटकळ कामं करायचो. मुलचेऱ्याच्या पलीकडे एका दवाखान्यात बाळंतपणाची नवी खोली बांधून झाली होती. भिंतींना मोठ्या फरश्या लावायच्या होत्या, उंचीनं माणसापेक्षा मोठ्या आणि जाडीनं बोटाएवढ्या. भिंतीत सांधे कमी राहिले की घाण बसत नाही, म्हणून तशा मागवलेल्या. आधीच्या कारागिरांनी हातकटरनं कापायला घेतल्या आणि एकामागून एक फोडल्या. जेवढ्या उरल्या त्यात काम जेमतेम बसत होतं. नव्या यायला फार दिवस लागले असते, आणि तोवर खोली बंद. तिकडच्या गर्भार बायकांना जीपमध्ये घालून जंगलातल्या रस्त्यानं लांबच्या गावाला न्यावं लागत होतं. धनराजभाऊ रामदास मिस्त्रींना माणूस विचारायला आले होते.

मिस्त्रींनी आपल्याकडे बोट केलं. "या दोघींले न्या."

"मिस्त्री, नाजूक काम आहे हो. बाया..."

"फरशीले विचारा ना भाऊ, कोन लावून राह्यलं म्हून."

धनराजभाऊंनी आपल्या दोघींचे हात पाहिले. मग म्हणाले, "बरं. पण मशीन तुमची पाह्यजे. माह्याजवळच्या कटरनं हे होत नाई, ते मी पाह्यलं."

तर आपल्याला मशीन घ्यायची होती, आणि मोठी फरशी कापायची मशीन आपण दोघींनी कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

चंद्रपूरला जायच्या दिवशी तू खांद्याला कापडी पिशवी अडकवून आलीस. पिशवीनं तुझा खांदा एका बाजूला झुकलेला. आत धनराजभाऊंकडून आणलेला त्या फुटक्या फरशीचा मोठा तुकडा, आणि तिथल्या ओट्यासाठी ग्रॅनाइटचा एक ठोकळा. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "बाई, दगड घेऊन कुठी चालल्या?" तू म्हणालीस, "साडी घ्याले जातानी मानूस झंपर घेऊन जाते का नाई, रंग जुळवाले? तसंच." सगळी बस हसली. मी खिडकीकडे तोंड केलं.

दुकानात त्यांनी आधी सगळ्यात मोठी मशीन पुढं ठेवली. जड, काळी, चाक ताटाएवढं. दुकानदार म्हणाला, "ही घ्या, दगड लोण्यावानी कापते." तू ती उचलून पाहिलीस, सरळ धरलीस, आडवी धरलीस, परत ठेवलीस. "पानी कुठून येते हिले?" पाणी नव्हतं. "मंग नाई." त्यानं ताकद किती आहे ते सांगायला सुरुवात केली. तू म्हणालीस, "भाऊ, फरशी बोटाएवढी आहे. मले पहाड फोडाचा नाई."

दुसरी टेबलावाली. लोखंडी चौकट, खाली पाण्याची टाकी, वर पातं. दगड तिच्यावर सरकवायचा. मला पाहताक्षणी आवडली. पातं जागच्या जागी, हात लांब, पाणी पक्कं, कड आपोआप सरळ. मी तुला कोपऱ्यात नेलं. "हेच घे शेवंता. हात कापाची भीती नाई."

तू त्या टेबलाभोवती एक चक्कर मारलीस आणि मला म्हणालीस, "याच्यावर ती फरशी ठेवून दाखव बरं. ठेवशीन कशी? एक टोक तू धरशीन, एक मी. मधात लवली का गेली. अन् लवली नाई, तरी अर्धी बाहेर लटकून राहीन." जरा थांबून म्हणालीस, "फरशी मशिनीपाशी न्याची नाई कौसे. फरशी निजू द्याची अन् मशीन तिच्यापाशी न्याची."

तिसरी मशीन तूच शोधलीस. मागच्या फळीवर होती. हातात मावणारी, तिला पाण्याची बारीक नळी आणि सोबत ॲल्युमिनियमची लांब पट्टी. पट्टी फरशीवर घट्ट बसवायची, तिच्या खाचेत मशीन ठेवायची आणि ढकलत न्यायची. रुळावरून गाडी जाते तशी ती सरळच जाते. तू ती सुरू करायला सांगितलीस. बाकीच्या मशिनी सुरू होताना हाताला हिसका द्यायच्या, ही हळूच फिरायला लागली आणि मग वेग घेतला. तुझा चेहरा मला अजून दिसतो. बाळानं पहिल्यांदा बोट धरावं तसा झाला होता.

मग तू पिशवी उघडलीस. दुकानदार म्हणाला, इथं कापून पाहता येत नाही. तू खाली बसलीस. भांडली नाहीस, ओरडली नाहीस. म्हणालीस, "दाखवाले येत नसंन त आमी बसतो. कोनी दाखवनारा येईन त बोलवा." शेवटी त्यालाच उत्सुकता वाटली असेल. मागच्या अंगणात बादली मांडली, लाकडाच्या फळ्या टाकल्या. तू आधी खाचांचं पातं लावून फरशी कापलीस. कड उंदरानं कुरतडल्यासारखी. मग सलग काठाचं पातं मागितलंस. त्या पात्यानं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलंस, माझंही बोट धरून फिरवलंस. कड गुळगुळीत. ग्रॅनाइटही कापला, दोनदा पातं फिरवून, आधी वरवर, मग खोल. शेवटी विचारलंस, "पान्यात वीज उतरली त?" त्यानं झटक्याला स्वतःच बंद होणारा स्विच दाखवला. तो घेतल्याशिवाय तू उठली नाहीस.

परतताना पट्टी बसच्या मधल्या वाटेत उभी धरून आपण आलो. वळणावर ती कोणाकोणाला लागायची आणि तू प्रत्येकाला सांगायचीस, "आमची मशीन आहे."

मुलचेऱ्याच्या त्या खोलीत आपण राहायलाच गेलो होतो म्हण ना. फळ्यांवर फोम पसरून फरशी निजवायची. मी पाणी सोडणार, तू मशीन चालवणार. तू एका टोकानं थोडं कापायचीस, मग दुसऱ्या टोकाकडून यायचीस, म्हणजे शेवटी फरशीचा कोपरा उडत नाही. हे तुला कोणी शिकवलं होतं? मी विचारलं तर म्हणालीस, "फुटक्या फरश्या पाह्यल्या ना मी त्याईच्या. साऱ्या शेवटाले फुटल्या होत्या." आधीच्या लोकांचा ढिगारा आपण बाहेर टाकायला निघालो होतो आणि तू उकिडवी बसून एकेक तुकडा उलटापालटा करत होतीस, ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं.

शेवटची फरशी दरवाजाच्या वरची. तिच्या कोपऱ्यातून चौकोन काढायचा होता. तशीच दुसरी शिल्लक नव्हती. आतल्या कोपऱ्यातून तडा जाऊ नये म्हणून तू आधी तिथं गोल भोक पाडलंस, मग पट्टी लावलीस. पातं अर्ध्यावर गेलं आणि मशिनीचा आवाज खाली बसला. गावातलं व्होल्टेज पडलं होतं. मी घाबरून म्हटलं, "ढकल लवकर, होऊन जाईन." तू ढकललं नाहीस. हळूच पातं वर घेतलंस, मशीन बंद केलीस आणि म्हणालीस, "कोनी आत येऊ नका."

धनराजभाऊ दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "आता?"

"आता उद्या सकारी. सकारी करंट चांगला राह्यते."

"अन् फुटली त?"

"फुटली त मी सांगीन फुटली म्हून. आता त नाई फुटली ना?"

उरलेली दुपार आपण त्या अर्ध्या कापलेल्या फरशीजवळ बसून काढली, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. गप्पा मारल्या. तू तुझ्या बापाची गोष्ट सांगितलीस, तलावात जाळं अडकलं की तो ओढायचा नाही, पाण्यात उतरून हातानं सोडवायचा. सकाळी पाखरं बोलत होती तेव्हा तू पट्टी परत तपासलीस, पातं त्याच खाचेत ठेवलंस. मशीन हळू सुरू झाली, हिसका न देता, आणि जिथं थांबली होती तिथून निघाली. चौकोन सुटून माझ्या हातात आला. मी तो छातीशी धरून उभी राहिले. धनराजभाऊ बाहेर गेले आणि स्वतः आपल्यासाठी चहा घेऊन आले.

मग ओटा. जन्मलेलं बाळ ज्याच्यावर ठेवतात तो ग्रॅनाइटचा ओटा. नकाशात त्याची कड चौकोनीच होती. तू सिस्टरला बोलावलंस आणि विचारलंस, बाळ उचलून वळताना तुमचा हात कुठून जातो? सिस्टरनं हातात उशी घेऊन वळून दाखवलं. जिथं कोपर आलं, तिथली सगळी कड तू गोल केलीस. तसं कोणी सांगितलं नव्हतं.

खोली सुरू झाली त्या आठवड्यात आपण सामान आणायला गेलो होतो. जवळच्या बंगाली वस्तीतली एक आजी सुनेला घेऊन आलेली. आत गडबड सुरू झाली आणि आपण बाहेर पिंपळाखाली बसलो. बाळ रडलं तशी ती आजी धावत बाहेर आली, कोणाला सांगू असं झालेलं तिला, आणि आपणच समोर होतो. "मुलगी झाली!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू तिचे दोन्ही हात धरलेस आणि विचारलंस, "आजी, ओट्याची कड पाह्यली का?" त्या आजीला काय कळलं असेल! पण ती म्हणाली, "छान आहे," आणि तू अख्खी वाट ते मला ऐकवत राहिलीस.

त्यानंतर काम आपल्याला शोधत आलं. गडचिरोलीकडची घरं, दुकानं, एक लग्नाचा हॉल. लोक विचारायचे, "त्या मशीनवाल्या बाया कुठी भेटतीन?" तू दोन रेजांना हाताशी धरून शिकवलंस, आज त्या स्वतःची कामं घेतात. आपल्याला हसणाऱ्यांच्या घरातही तूच फरशी लावलीस, आणि त्यांना एक शब्द टोचून बोलली नाहीस. मला बोलायचं होतं. तू डोळे वटारलेस.

शाळेच्या पायऱ्यांचं काम आलं तेव्हा आपण भांडलो. कोरपन्याच्या शाळेत सगळे जिने दगडाचे करायचे होते. एकाच मापाच्या पायऱ्या, एकामागून एक. मी म्हटलं, आता टेबलावाली मशीन घेऊ. इथं दगड लहान आहे, काम तेच ते आहे. तू साफ नाही म्हणालीस. "जागेवरच्या मशिनीनं मानूस जागेवर बसते. आपल्याले जंगलात, खेड्यात जावं लागते. थे टेबल कोन उचलीन?" बसमध्ये आपण बोलत होतो. तू वरचा दांडा धरला होतास आणि सारखा हात बदलत होतीस. मी विचारलं, मनगट दुखते का? म्हणालीस, बांगडी टोचून राह्यली. तुझ्या त्या हातात बांगडीच नव्हती.

"तुले जागेवर बसाची भीती वाटते काय?" मी चिडून विचारलं.

"हो, वाटते," तू म्हणालीस आणि बाहेर पाहू लागलीस. बल्लारपूरला उतरल्यावर "पाहू मंग" म्हणून घरी गेलीस. मग ताप आला.

आता सांगते. मला ती मशीन पायऱ्यांसाठी नको होती, शेवंता. तुझ्या मनगटासाठी हवी होती. तसं म्हटलं असतं तर तू कधीच घेऊ दिली नसतीस, तुझ्यासाठी कोणी दया म्हणून काही आणावं हे तुला चाललं नसतं. म्हणून मी दगडाचं, मापाचं, वेळेचं कारण पुढं करत राहिले. आणि तूही जिना, टेबल, जंगल यांचं पुढं करत राहिलीस. त्या एका प्रश्नानंतर दोघीही मनगटाचं बोललो नाही.

तेरवी झाल्यावर धनराजभाऊ आले. शाळेचं काम दुसऱ्याला देऊ का, असं त्यांनी फार हळू विचारलं. मी म्हटलं, नाही, ते आमचं आहे. मग लक्ष्मणभाऊंना सोबत घेऊन चंद्रपूरला गेले आणि टेबलावाली मशीन घेतली. कापून पाहिली, कड तपासली, स्विच मागून घेतला, सगळं तुझ्यासारखं. निर्णय मात्र माझा. तू असतीस तर तिथंच दुकानात भांडली असतीस आणि मी तरीही घेतली असती. तुझ्यापुढं मान डोलवणारी बाई तुला जोडीला नकोच होती, नाहीतर तू मला घमेल्यावरून उठवलंच नसतंस.

लक्ष्मणभाऊंनी ती टेम्पोतून उतरवली, शाळेच्या वऱ्हांड्यात मांडली. टाकीत पाणी भरलं. मी पहिली पायरी चौकटीवर ठेवली, माप घेतलं, आणि दगड सरकवला. दोन्ही हात दगडावर, मनगटावर मशिनीचा कसलाही भार नाही. तुकडा पडला. गुण्या लावून पाहिला, बोट फिरवून पाहिलं. लक्ष्मणभाऊ विचारत होते, बरोबर आली का, बरोबर आली का. त्यांना मी नंतर उत्तर दिलं.

सरळ आली, शेवंता. एकदम सरळ. बोल आता.